पेंडी, जुडी आणि फणी : मायलेकींच्या फेरफटक्यातली मराठी

सीमाभागात मराठीचा विषय निघाला की बोलणे ठरलेल्या वाटेने जाते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले, तिथून सुरुवात होते. मग महाजन आयोगाचा १९६७ चा अहवाल येतो, महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा येतो आणि शेवट दुकानांच्या पाट्यांवर होतो. हे सारे महत्त्वाचे आहेच. त्यासाठी इथल्या दोन-तीन पिढ्यांनी खस्ता खाल्ल्या आहेत. परंतु ज्या भाषेसाठी एवढे चालले आहे ती पाच वर्षांच्या पोरीच्या तोंडी येते कुठून, याचा विचार आपल्या बैठकांतून फारसा होत नाही. तो विचार आयांनाच करावा लागतो, आणि त्या तो पिशवी हातात घेऊन, पोरीचे बोट धरून, बाजाराच्या वाटेवर करीत असतात.

घरात मराठी बोलतो म्हणजे भाषा आपोआप येईल, असा आपला समज असतो. घरातले बोलणे एक दिवस जरा कान देऊन ऐकावे. ‘ऊठ, दात घास, डबा संपव, ते दे, हे ठेव, टीव्ही बंद कर.’ बहुतेक बोलणे आज्ञांचे. वस्तू समोरच असतात, त्यामुळे त्यांची नावे घ्यावी लागत नाहीत. ‘ते’ आणि ‘हे’ एवढ्यावर काम भागते. मूल उंबरठ्याबाहेर पडले की मात्र बोट दाखवून भागत नाही. परक्या माणसाला सांगावे लागते, विचारावे लागते, वस्तूचे नाव घ्यावे लागते. म्हणून मायलेकींचा साधा फेरफटका ही भाषेची खरी शाळा आहे, असे माझे मत आहे. माझी मुलगी इंग्रजी माध्यमाच्या शाळेत मोठ्या शिशुवर्गात आहे. तिच्याबरोबरच्या फिरण्यातून जे दिसले तेच इथे मांडते.

मेथीची पेंडी

शनिवारी सकाळी आम्ही दोघी भाजीला जातो. येळ्ळूर, कडोली, उचगाव, सावगाव अशा आजूबाजूच्या गावांतून बायका पहाटेच बुट्ट्या घेऊन शहरात येतात. एका मावशींपुढे लेक उभी राहिली आणि ऐटीत म्हणाली, ‘‘मावशी, मेथीचा एक बंच द्या.’’

मावशींनी मान वर केली. ‘‘बंच म्हंजे काय गं बाई? पेंडी म्हण की!’’

त्या दिवसापासून आमचा एक खेळ सुरू झाला. मेथीची पेंडी, तर कोथिंबिरीची जुडी. केळ्यांची फणी, आणि अनेक फण्या मिळून घड. द्राक्षांचा घोस. लसणाचा गड्डा आणि त्याची पाकळी. अबोलीचा गजरा, झेंडूची माळ. मक्याचे कणीस, उसाचे कांडे. शिशुवर्गाच्या इंग्रजीत केळी, द्राक्षे, कोथिंबीर, फुले आणि किल्ल्या या सगळ्यांचा बंचच असतो. मराठीने मात्र ज्याची बांधणी वेगळी त्याला नाव वेगळे दिले. केळी कंगव्याच्या दातांसारखी ओळीने असतात म्हणून फणी, हे लेकीने स्वतःच शोधून काढले. घरी आल्यावर माझी फणी आणून तिने ती केळ्यांशेजारी ठेवून दाखवली.

तराजूपाशी दुसरा धडा मिळाला. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द पुस्तकातून शिकवू गेले तर मूल कंटाळते. इथे मात्र पाव किलो म्हणजे २५० ग्रॅमचे वजन आणि पाऊण किलो म्हणजे त्याची तीन वजने पारड्यात पडताना दिसतात. लेकीचे प्रश्न सुरू झाले. ‘‘पावणेदोन म्हणजे दोनला पाव कमी. मग पावणेएक का नाही म्हणायचं?’’ मी सांगितले, ‘‘त्याला पाऊण म्हणतात.’’ ‘‘मग साडेतीन म्हणतो तसं साडेदोन का नाही?’’ कारण ते अडीच. आणि साडेएकही नाही, कारण ते दीड. मराठीत ‘साडे’ तीनापासून सुरू होतात. आपण जन्मभर असेच बोलत आलो, पण त्याकडे लक्ष गेले ते पाच वर्षांच्या मुलीमुळे. मावशी वजने उचलता उचलता हसल्या. ‘‘लई शानी हाय गं पोर तुझी.’’

शून्य रुपयाचे तिकीट

११ जून २०२३ पासून कर्नाटकात ‘शक्ती’ योजना सुरू झाली आणि राज्यातल्या महिलांना सरकारी साध्या बसमधून फुकट प्रवास करता येऊ लागला. तिच्या खर्चावर राजकारणात बरीच चर्चा झाली. घरातल्या बाईच्या दृष्टीने मात्र एक गोष्ट घडली. पूर्वी ‘दोघींचे जाऊन-येऊन भाडे’ मोजून जे जाणे टळत असे, ते आता टळत नाही. गावाकडच्या आजीला भेटणे, येळ्ळूरला जाऊन राजहंसगड पाहणे, पावसाळ्यात भाताची लावणी चाललेली दाखवणे, हे आवाक्यात आले. बांध, चिखल, रोपे, खुरपे हे शब्द चित्रांच्या तक्त्यावरून शिकणे वेगळे आणि पाय घोट्यापर्यंत रुतल्यावर शिकणे वेगळे.

बसमध्ये वाहक हातात शून्य रकमेचे तिकीट देतो. ते पाहून लेक म्हणाली, ‘‘पैसेच नाहीत तर तिकीट कशाला?’’ वाहकाला मराठी समजत होते. उत्तर त्याने कन्नडमध्ये दिले. ‘‘लेक्का बेकल्लव्वा!’’ मी तिला सांगितले, ‘‘काका म्हणतायत, हिशोब नको का?’’ तिने लगेच तो शब्द उचलला. ‘‘लेक्का म्हणजे हिशोब?’’ होय. आपल्याकडेही लेखाजोखा म्हणतातच की.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. मुलीच्या कानावर कन्नड पडते, याची मला धास्ती वाटत नाही. या दोन भाषा शेकडो वर्षे शेजारी राहिल्या आहेत. आपले तूप आणि त्यांचे तुप्प एकच. आपल्या अडकित्त्यात कन्नडमधली अडिके, म्हणजे सुपारी, बसलेली आहे. अक्का आणि अण्णा दोन्ही घरांत आहेत. राज्यकारभाराचा आग्रह आणि शेजाऱ्याची भाषा या निराळ्या गोष्टी आहेत. दुकानांच्या पाट्यांवर साठ टक्के कन्नड असावे, हा नियम कर्नाटकाने २०२४ च्या दुरुस्तीने केला. त्याबद्दल ज्याने त्याने आपले मत जरूर मांडावे. लेक मात्र त्या पाट्यांवरची गोल अक्षरे जिलेबीसारखी दिसतात म्हणून हरखून जाते, आणि शेजारच्या मराठी ओळीशी ती जुळवून पाहते. दोन्ही लिप्या यायला लागल्या तर तिचे भलेच होईल. चिंता आहे ती निराळी. मराठी धड नाही, कन्नड धड नाही आणि इंग्रजी पाठ केल्याइतकीच, अशी मुले आपल्या गल्ल्यांतून वाढू लागली आहेत.

पाकळीचा प्रश्न

संध्याकाळी कधी आम्ही किल्ला तळ्यावर जातो. त्याच पाण्याला कन्नडमध्ये कोटे केरे म्हणतात. एका तळ्याला दोन नावे आहेत, याचे मुलांना अप्रूप वाटते. तिथून पुढे किल्ल्यात शिरले की कमल बस्ती आहे. तेराव्या शतकाच्या सुरुवातीला, रट्ट राजांच्या काळात बांधलेले हे जैन मंदिर. आत छतामध्ये मोठे दगडी कमळ कोरलेले आहे. लेकीने मान वर करून त्याच्या पाकळ्या मोजायला सुरुवात केली. दोनदा आकडा चुकला, मान अवघडली, तेव्हा तिने मोजणे सोडले आणि विचारले, ‘‘आई, लसणालाही पाकळी आणि कमळालाही पाकळीच?’’

हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. शनिवारच्या बाजारात मिळालेला शब्द आणि आठशे वर्षांपूर्वीच्या दगडातला शब्द तिने एकमेकांशी जोडला. तो जोडता आला, कारण दोन्ही शब्द तिच्याजवळ होते. इंग्रजीत लसणाच्या पाकळीचे नाव वेगळे आणि कमळाच्या पाकळीचे वेगळे, त्यामुळे तिथे हा प्रश्नच पडला नसता. इंग्रजीतही तिला पुढे असे धागे सापडतील. पण विचाराची पहिली गाठ ज्या भाषेत बसते ती रोजच्या वापरातली असावी लागते. मातृभाषेतून शिक्षण द्यावे, असे शिक्षणतज्ज्ञ का सांगतात, ते मला त्या मंदिरात उमगले.

‘घरी इंग्रजी बोला’

पालकांच्या बैठकीत एकदा मुलीच्या बाईंनी सुचवले, ‘‘घरीही इंग्रजीच बोलत जा. म्हणजे ती मागे पडणार नाही.’’ सूचना आपुलकीची होती, आणि अशी सूचना ऐकलेले पालक बेळगावात शेकड्यांनी भेटतील. मी एवढेच म्हटले, ‘‘शाळेतली इंग्रजी तुम्ही बघा, घरची मराठी मी बघते.’’

आता कुणी विचारील, एवढे मराठीचे प्रेम आहे तर मुलीला मराठी शाळेत का घातले नाही? प्रश्न योग्य आहे. आमच्या वस्तीजवळची मराठी शाळा मुलांअभावी बंद पडली. दुसरी शाळा लांब आहे, आणि पाच वर्षांच्या मुलीला दोन बस बदलून पाठवणे आम्हाला जमणारे नव्हते. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे, असे घटनेच्या ३५०-अ कलमात म्हटले आहे. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने ते कलम आले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही, शक्य तिथे निदान पाचवीपर्यंत शिक्षण मातृभाषेतून व्हावे, असे म्हटले आहे. दुसरीकडे, ६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकातल्याच खटल्यात निर्णय दिला की प्राथमिक शाळेत मातृभाषेचे माध्यम सरकार सक्तीने लादू शकत नाही, निवड पालकांची. म्हणजे कलम आहे, धोरण आहे आणि निवडही आपलीच आहे. मग ज्यांना ती निवड इंग्रजी माध्यमाची करावी लागली, त्यांच्यावर मराठीची जबाबदारी कमी होत नाही, उलट वाढते. शाळा जे देणार नाही, ते सारे घराने द्यायचे असते.

या कामात आपल्या शहराची मदत मोठी आहे. इथले सार्वजनिक वाचनालय १८४८ पासूनचे. इंदिरा संत (१९१४–२०००) याच शहरात राहिल्या आणि शिक्षक घडवण्याचे काम त्यांनी इथेच केले. त्यांच्या ‘गर्भरेशीम’ला १९८४ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. अशा गावात मुलीला घेऊन पुस्तक आणायला जाणे, हाही एक फेरफटकाच आहे. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघते. त्याचा एखादा जुना अंक हाती आला तरी रविवारची दुपार भागते.

वेळ कुठून आणायचा?

नोकरी करणाऱ्या मैत्रिणी म्हणतात, फिरायला वेळ कुठे आहे? त्यांचे म्हणणे खोटे नाही. पण यासाठी वेगळी सहल काढावी लागत नाही. पिठाची गिरणी, शिंपी, पोस्ट, किराणा, चप्पल शिवणारे काका, ही कामे करावीच लागतात. तिथे मुलीला बरोबर न्यावे एवढेच. अनुभवावरून दोन-चार गोष्टी सांगते. दुकानदाराशी मुलीलाच बोलू द्यावे. ती अडखळली तरी आपण मध्ये पडू नये. इंग्रजी शब्द आला म्हणून रागावू नये, पुढच्या वाक्यात मराठी शब्द आपण वापरावा, म्हणजे तो आपोआप उचलला जातो. वाटेत मोबाइल पिशवीत असावा. आणि घरी आल्यावर ‘आजीला फोन करून सांग काय काय पाहिलंस’ असे म्हणावे. आधी काय झाले, मग काय झाले, कोण काय म्हणाले, हे ओळीने सांगताना जे मराठी तयार होते ते कुठल्याही निबंधाने होणार नाही. शिवाय पलीकडे आजीचाही दिवस चांगला जातो.

आपल्या बाजारात निदान मराठी ऐकू तरी येते. इंदूर, बडोदे, हैदराबाद इथल्या मराठी घरांना तेही सुख नाही. माझी एक मावसबहीण इंदूरला असते. ती म्हणते, ‘‘बाजार हिंदीत होतो, पण परतीची वाट आमची मराठीत असते.’’ पिशवीतली लौकी घरी पोचेपर्यंत दुधी भोपळा होते आणि धनिया कोथिंबीर होतो. ही युक्ती कुठेही चालेल.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. सर्वांना आनंद झाला, मलाही झाला. पण दर्जा भाषेच्या भूतकाळाला मिळतो. तिचा उद्याचा दिवस मुलांच्या जिभेवर असतो. न्यायालयातला निकाल कधी लागायचा तो लागो, पाट्यांवरचे टक्के ठरायचे ते ठरोत. मेथीला पेंडी म्हणायचे, हे ठरवण्यासाठी कुणाच्या परवानगीची गरज नाही. येत्या शनिवारी माता-भगिनींनी, आणि हो, वडिलांनीही, बाजाराला निघताना मुलांना बरोबर घ्यावे. भाजीसाठी एखादी पिशवी जास्त न्यावी आणि प्रश्नांसाठी अर्धा तास हाताशी ठेवावा. पाऊण तास लागला तरी हरकत नाही.