चेंडूवरचे तारांकन

जानेवारी १९९९ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डन येथे बेसबॉलच्या एका चेंडूचा लिलाव झाला. दुकानात काही डॉलरना मिळणाऱ्या या वस्तूस सुमारे ३० लाख डॉलर, म्हणजे त्या वेळच्या विनिमयदराने साडेबारा कोटी रुपयांहून अधिक किंमत आली. घेणारे होते चित्रकथा व खेळण्यांच्या व्यवसायात नाव कमावलेले टॉड मॅकफार्लेन. अर्थात ही किंमत चामड्याची वा टाक्यांची नव्हती. सेंट लुईस कार्डिनल्स संघाच्या मार्क मॅग्वायरने १९९८ च्या हंगामातील आपला सत्तरावा होमरन त्या चेंडूवर मारला होता. किंमत होती ती सत्तर या आकड्याची.

होमरन म्हणजे बेसबॉलमधील षटकारच म्हणावा. मात्र तो षटकाराहून दुर्मीळ असतो. बेब रूथने १९२७ च्या हंगामात ६० होमरन मारले. रॉजर मॅरिसने १९६१ मध्ये ६१ मारून तो विक्रम मोडला आणि पुढे ३७ वर्षे त्याला कोणी हात लावू शकले नाही. मग १९९८ च्या एकाच उन्हाळ्यात मॅग्वायरने ७० आणि शिकागो कब्जच्या सॅमी सोसाने ६६ होमरन मारले. वर्षानुवर्षे स्थिर असलेल्या खात्यात एकाएकी अशी उलाढाल दिसू लागली, तर कोणताही जाणता मुनीम वही उघडून मागची पाने चाळेल. येथे ते घडले नाही, आणि त्यास कारण होते.

ऑगस्ट १९९४ मध्ये वेतनमर्यादेच्या वादावरून खेळाडूंनी संप पुकारला होता. त्या वर्षीची वर्ल्ड सिरीज रद्द झाली. १९०४ नंतर असे प्रथमच घडत होते. कोट्यधीश खेळाडू आणि अब्जाधीश मालक यांचे भांडण पाहून विटलेला प्रेक्षक संप मिटल्यावरही परतेना. १९९८ च्या होमरनांच्या शर्यतीने त्याला पुन्हा मैदानात आणले. मालकांची तिकिटे खपली, वाहिन्यांना जाहिराती मिळाल्या, खेळाडूंचे करार फुगले. ज्या मालावर साऱ्या बाजाराचा नफा अवलंबून आहे, त्याची शुद्धता तपासण्याची घाई कोणालाच नसते.

खूण मात्र डोळ्यांसमोर होती. त्याच ऑगस्टमध्ये असोसिएटेड प्रेसच्या वार्ताहरास मॅग्वायरच्या कपाटात अँड्रोस्टेनडायोनची बाटली दिसली. शरीरात गेल्यावर ज्याचे टेस्टोस्टेरॉन बनू शकते असे हे द्रव्य. ऑलिम्पिकमध्ये त्यावर बंदी होती. अमेरिकेच्या दुकानांत ते खुलेआम मिळे आणि बेसबॉलच्या नियमांतही निषिद्ध नव्हते. बातमी छापून आली, तेव्हा रोष ओढवला तो बहुतांशी वार्ताहरावरच. दुसऱ्याच्या कपाटात डोकावलाच कशाला, असे त्याला विचारण्यात आले.

ॲनाबोलिक स्टेरॉइड म्हणजे टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाची कृत्रिम रूपे. त्यांनी स्नायू भराभर वाढतात; त्याहून महत्त्वाचे म्हणजे थकलेला स्नायू लवकर सावरतो. सहा महिन्यांत १६२ सामने खेळणाऱ्यास या दुसऱ्या गुणाचाच मोह अधिक. त्याची वसुली शरीर पुढे करते. यकृत व हृदयावर ताण येतो, शरीराचे स्वतःचे संप्रेरक आटते, आणि औषध थांबविताच कित्येकांना गाढ नैराश्य घेरते. वैद्यकीय चिठ्ठीविना ही औषधे बाळगणे अमेरिकी कायद्याने निषिद्ध आहे. बेसबॉलचे तत्कालीन आयुक्त फे व्हिन्सेंट यांनी १९९१ मध्ये तसे परिपत्रकही काढले होते. तथापि चाचणीची तरतूदच नव्हती. खेळाडूंची संघटना खासगीपणाच्या हक्काचे कारण देऊन चाचण्यांस विरोध करी आणि मालकही तो विषय फारसा ताणून धरीत नसत. लेखापरीक्षक न नेमता लेखापरीक्षणाचा नियम केल्यासारखाच हा प्रकार होता.

या व्यवहारात बुडाले कोण, याचे उत्तर विक्रमवीरांच्या कथेत सापडत नाही; ते डॅन नॉल्टी या बेताच्या गोलंदाजाच्या कथेत सापडते. १९९४ मध्ये तो फ्लोरिडातील फोर्ट मायर्स येथे, मिनेसोटा ट्विन्सच्या खालच्या श्रेणीतील संघात होता. त्याच्यासारखेच आणखी तीन होतकरू गोलंदाज त्या संघात होते. चौघांचे लक्ष्य एकच: मोठ्या लीगमधील मोजक्या जागांपैकी एक. नॉल्टीने स्टेरॉइड घेतले; त्याचे वजन वाढले, चेंडूचा वेग वाढला, १९९६ मध्ये तो वर पोहोचला. १९९९ मध्ये न्यूयॉर्क यांकीज विश्वविजेते झाले तेव्हा तो त्या संघात होता. औषधांपासून दूर राहिलेले ते तिघे मात्र मोठ्या लीगमध्ये एकही सामना न खेळता घरी परतले. पुढे धर्मोपदेशक झालेल्या नॉल्टीने सारे उघडपणे कबूल केले. आपण कुणाची तरी जागा चोरली, हे शल्य त्याने लपविले नाही. पण त्या तिघांना परत काय मिळणार? ज्या व्यवहाराची नोंदच झाली नाही, त्याची भरपाई कोणत्या खात्यातून करायची?

पुढील घटना वेगाने घडल्या. २००१ मध्ये सॅन फ्रान्सिस्को जायंट्सच्या बॅरी बाँड्सने ७३ होमरन मारले. २००२ मध्ये केन कॅमिनिटीने कबुली दिली, की ज्या १९९६ च्या हंगामात तो आपल्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, तेव्हा तो स्टेरॉइड घेत होता. (दोनच वर्षांनी, वयाच्या ४१ व्या वर्षी, मादक द्रव्यांच्या अतिसेवनाने त्याचा मृत्यू झाला.) २००३ मध्ये कॅलिफोर्नियातील बाल्को या प्रयोगशाळेवर छापा पडला. चाचणीत सापडू नये अशा रीतीने घडविलेले स्टेरॉइड तेथून नामवंत खेळाडूंना पुरविले जात होते. त्याच वर्षी बेसबॉलने नावे गुप्त ठेवून चाचण्या घेतल्या. दोषी नमुने पाच टक्क्यांहून अधिक निघाले, तेव्हा कुठे दंडासह चाचणी लागू झाली.

१७ मार्च २००५ रोजी अमेरिकी काँग्रेसच्या समितीने तारांकित खेळाडूंना साक्षीस बोलाविले. मॅग्वायरने भूतकाळाविषयी बोलण्याचे टाळले. राफाएल पाल्मेरोने बोट उगारून साफ इन्कार केला, आणि काही महिन्यांतच तो चाचणीत दोषी ठरला. त्या दिवशी टेक्सासमधील एका पित्याचीही साक्ष झाली. त्यांचा सतरा वर्षांचा मुलगा शाळेच्या संघात गोलंदाज होता. अंगापिंडाने आणखी भरायला हवे, असे प्रशिक्षकाने सुचविले आणि मुलगा स्टेरॉइडकडे वळला. ते सोडल्यावर आलेल्या नैराश्यात त्याने २००३ मध्ये जीवन संपविले. मोठ्या खेळाडूंचेच अनुकरण मुले करतात, हे त्या पित्याने समितीस स्पष्ट शब्दांत सांगितले.

डिसेंबर २००७ मध्ये माजी सिनेटर जॉर्ज मिचेल यांचा ४०९ पानी अहवाल आला. त्यात ८९ खेळाडूंची नावे होती. दोष मात्र खेळाडूंबरोबर संघ, संघटना व आयुक्त अशा साऱ्यांच्या पदरी होता. मॅग्वायरने २०१० मध्ये कबुली दिली. मॅकफार्लेन यांच्या चेंडूचे मोल तोवर किती उतरले असेल, याचा अंदाज व्यापारी वाचकांनीच करावा.

बेसबॉलमधील सर्वोच्च मान म्हणजे न्यूयॉर्क राज्यातील कूपर्सटाउन येथील हॉल ऑफ फेम. तेथे जाण्यास पत्रकारांची ७५ टक्के मते लागतात. बाँड्सला त्याच्या दहाव्या व अखेरच्या संधीत, २०२२ मध्ये, ६६ टक्के मते मिळाली. तो बाहेर राहिला. ज्यांच्या कारकिर्दीत हे सारे घडले ते आयुक्त बड सेलिग यांना मात्र २०१७ मध्ये तेथे सन्मानाने स्थान मिळाले.

बाँड्सचा चेंडू तेथे पोहोचला आहे. ७ ऑगस्ट २००७ रोजी त्याने हँक ॲरनचा ७५५ होमरनांचा विक्रम ज्या चेंडूवर मोडला, तो कपड्यांचे व्यावसायिक मार्क एको यांनी ७,५२,४६७ डॉलरना घेतला आणि त्याचे काय करावे, यावर जनमत मागविले. तो जसाच्या तसा संग्रहालयास द्यावा, असे काहींचे मत पडले. काहींनी तो अवकाशात धाडण्याचा पर्याय निवडला. सर्वाधिक मते मात्र त्यावर तारांकन उमटविण्याच्या बाजूने पडली. हिशेबाच्या आकड्यालगत असे चिन्ह असले, की वाचणाऱ्याने खालची टीप पाहायची असते. २००८ मध्ये ते चिन्ह उमटविलेला चेंडू कूपर्सटाउनच्या संग्रहालयाने स्वीकारला.