टप उघडला की गाडी कुठे पिळते?

तेलाचा १५ किलोचा रिकामा पत्र्याचा डबा घ्या. सगळ्या बाजूंनी बंद असताना दोन टोकं धरून पिळायला गेलात तर तो दाद देत नाही. मग वरचा पत्रा पूर्ण कापून काढा आणि पुन्हा पिळा. पत्रा तोच, जाडी तीच, पण डबा आता हातात वळतो. बंद पेटीत पीळ भिंतींमधून गोल फिरत वाटला जातो. एक भिंत गेली की तो रस्ताच तुटतो. हा फरक किती मोठा असतो ते पाहा: ५० मिलिमीटर व्यासाची, १ मिलिमीटर जाडीची पोलादी नळी घेऊन तिला लांबीभर एक चीर पाडली, तर पिळाला तिचा विरोध दीड हजार पटींहून जास्त घटतो. वजनात जाणवण्याएवढाही फरक पडत नाही.

छत नसलेली छोटी स्पोर्ट्‌स कार म्हणजे हा वरून कापलेला डबा. थारचा टप काढला तरी खाली शिडीसारखी वेगळी चासी तशीच राहते. माझदा एमएक्स-५ सारख्या गाडीत वेगळी चासी नाहीच. पत्र्याचं अंग हाच सांगाडा. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात ही गाडी पहिल्यांदा लोकांसमोर आली. अमेरिकेत ती मियाटा, जपानात युनोस रोडस्टर. दोन माणसांची, जेमतेम साडेनऊशे किलोची. २०१६ साली तिच्या उत्पादनाने दहा लाखांचा आकडा ओलांडला. मी राहतो त्या इंग्लंडमध्ये तिच्या पहिल्या दोन पिढ्यांच्या जुन्या गाड्या अजूनही परवडतात, आणि मीही त्यातलीच एक घेतली. खडबडीत रस्त्यावर टप उघडून निघालं की काचेची चौकट, डॅशबोर्ड आणि आतला आरसा थरथरतो. याला इथे ‘स्कटल शेक’ म्हणतात. ती थरथर अनुभवली की मालक ब्रेस, म्हणजे सांगाडा ताठ करणारे जोडबार, शोधायला लागतो, आणि गैरसमज तिथूनच सुरू होतात. माझेही पैसे त्यात गेले आहेत.

गैरसमज: बॉनेटखाली शॉक अब्झॉर्बरच्या दोन टॉवरमध्ये आडवा बार टाकला की गाडी ताठ होते.

सर्वांत जास्त विकला जाणारा भाग हाच, कारण बॉनेट उघडल्यावर तो दिसतो आणि चार बोल्टमध्ये बसतो. ज्या गाड्यांना मॅकफर्सन स्ट्रट असतात तिथे त्याला अर्थ आहे, कारण वळणातला आडवा जोर स्ट्रटच्या वरच्या टोकातून थेट टॉवरवर येतो आणि टॉवर आत-बाहेर सरकू पाहतात. पहिल्या दोन पिढ्यांच्या एमएक्स-५ ला मात्र चारही चाकांवर डबल विशबोन आहेत. पुढचे वरचे आणि खालचे, दोन्ही विशबोन सबफ्रेमला जोडलेले. आडवा जोर तिथेच जिरतो. टॉवरवर येतो तो मुख्यतः स्प्रिंग आणि शॉक अब्झॉर्बरचा उभा भार. बारने स्टीअरिंगच्या पहिल्या हालचालीत थोडा नेमकेपणा आल्यासारखा वाटतो, आणि माझदाने स्वतःही चौथ्या पिढीच्या काही गाड्यांना तो दिला आहे. पण गाडी पिळते ती इंजिनपाशी नाही.

मग कुठे? दारांपाशी. पुढे इंजिनची खोली आणि फायरवॉल, मागे डिकी, या दोन बऱ्यापैकी बंद पेट्या आहेत. मधल्या मोकळ्या भागात त्यांना जोडतात ते फक्त दोन बाजूंचे, दारांखालचे सिल, जमिनीचा पत्रा आणि मधला बोगदा. पुढची पेटी मागच्या पेटीच्या तुलनेत इथे फिरते. साखळीत सर्वांत मऊ कडीच सर्वांत जास्त ताणते, तसं हे आहे. समजा, एकूण पिळाचे १०० भाग केले आणि त्यातले ७० दारांपाशी, १० इंजिनच्या खोलीत होतात. इंजिनची खोली दुप्पट ताठ केली तर एकूण पीळ १०० वरून ९५ वर येईल. तेवढेच पैसे दारांपाशी खर्चून तो भाग दुप्पट ताठ केला तर ६५ वर येईल. हे आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत, पण ब्रेस निवडताना मनात हाच हिशेब ठेवावा.

म्हणून माझ्या मते पहिला मान गाडीच्या पोटाखालच्या भागांचा. जमिनीच्या पत्र्याखालून पुढून मागे जाणाऱ्या दोन पन्हळी असतात, ज्यांना सगळे फ्रेम रेल म्हणतात. जुन्या गाड्यांत त्या पातळ पत्र्याच्या, आणि चुकीच्या जागी जॅक लावल्याने बहुतेक वेळा चेपलेल्या. त्यांच्यावर जाड पत्र्याची दुसरी पन्हळ चढवून बोल्टने आवळतात. त्याच्या पुढची पायरी म्हणजे त्या दोन रेलना तिरक्या पट्ट्यांनी एकमेकींशी जोडणारा, फुलपाखराच्या आकाराचा ब्रेस. गावाकडच्या फळ्यांच्या फाटकामागे सुतार एक तिरकी पट्टी ठोकतो, त्यामागचं शहाणपण हेच. चौकोन कोपऱ्यात झुकतो, त्रिकोण झुकत नाही. ब्रेस विकत घेताना मी आधी तिरकी रेघ शोधतो. नुसत्या आडव्या पट्ट्या असतील तर किंमत कितीही असो, मी पुढे जातो.

गैरसमज: एमएक्स-५ ला मधोमध ॲल्युमिनियमचा कणा आहे, त्यामुळे खालून ब्रेस लागत नाही.

गाडीखाली वाकून पाहिलं की गिअरबॉक्सपासून डिफरन्शियलपर्यंत जाणारी लांब ॲल्युमिनियमची चौकट दिसते. तिचं नाव पॉवर प्लांट फ्रेम. या गाडीला ज्या गाडीतून प्रेरणा मिळाली त्या १९६२ च्या लोटस एलानला खरोखरच पोलादी पत्र्याचा मधला कणा होता, आणि फायबरचं अंग त्यावर बसवलेलं होतं. म्हणून हा घोटाळा होतो. माझदाच्या चौकटीचं काम वेगळं आहे: ॲक्सिलरेटर दाबला-सोडला की डिफरन्शियल उचललं जाऊ नये, ताकद झटक्याविना चाकांवर पोचावी. ही सगळी जोडणी रबरी माउंटवर बसलेली असते, त्यामुळे गाडीच्या अंगातला पीळ ती पेलत नाही.

गैरसमज: क्रोमोलीचा ब्रेस साध्या पोलादापेक्षा जास्त ताठ.

मजबुती आणि ताठपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुटण्याआधी किती भार सोसेल ती मजबुती. त्याच भाराखाली किती वाकेल तो ताठपणा. क्रोमोली पोलाद जास्त मजबूत असतं, पण दोन्ही पोलादांचा यंग मॉड्युलस साधारण २०० गिगापास्कल. आकार सारखा असेल तर दोन्ही नळ्या सारख्याच वाकतील. ॲल्युमिनियमचा मॉड्युलस सुमारे ७०, म्हणून त्याचा ब्रेस जाड आणि रुंद असला तरच उपयोगाचा. धातूपेक्षा आकार आणि वाट जास्त महत्त्वाची. सरळ नळी टोकांकडून दाबली-ओढली जाते तेव्हा ती फार ताठ असते. तीच एक्झॉस्टला चुकवण्यासाठी मधे वाकवली की वाकाशी धनुष्यासारखी उमलते. चकचकीत पॉलिशच्या वळणदार बारपेक्षा काळा रंग दिलेली सरळ नळी कधीही बरी. बोल्टची भोकं लांबट असतील तर बार भाराखाली सरकतो, तेही पाहावं.

गैरसमज: ब्रेसमुळे वळणात गाडी कमी कलते.

कलणं ठरवतात स्प्रिंग आणि अँटी-रोल बार. ब्रेसचा त्याच्याशी थेट संबंध नाही. संबंध आहे तो असा: पुढचा अँटी-रोल बार जाड केल्याचा परिणाम मागच्या चाकांपर्यंत पोचतो तो सांगाड्यातूनच. सांगाडा मऊ असेल तर तो मधेच विरतो. त्यामुळे कडक स्प्रिंग टाकणाऱ्याला ब्रेस खरोखर लागतात. मूळ मऊ स्प्रिंगवर गाडी चालवणाऱ्याला मिळतं ते मुख्यतः समाधान: आरसा स्थिर, खड्ड्यावर एकसंध आवाज. ते समाधान मला लहान वाटत नाही.

रोल बारने गाडी ताठ होते, असंही म्हणतात. सीटमागचा चार बोल्टांचा रोल बार मागचा भाग बांधतो. दारांचा मोकळा भाग मोकळाच राहतो. त्याला दारांच्या आतून पुढे जाणारे बार जोडले तर मात्र फरक पडतो. पण रोल बार घ्यायचा तो जीव वाचवण्यासाठी. बारच्या माथ्यापासून काचेच्या चौकटीच्या माथ्यापर्यंत काठी ठेवली तर तुमचं डोकं काठीच्या चांगलं खाली राहायला हवं. आणि बारवर दाट पॅडिंग नसेल तर साध्या धडकेतही तो डोक्याला लागतो. नुसत्या शोभेच्या बारने यातलं काहीच होत नाही.

आता जे सर्वांत आधी करायला हवं होतं, आणि मी सर्वांत शेवटी केलं: गंज पाहणं. कापडी टपावरचं पाणी सीटमागच्या दोन नळ्यांतून खाली जातं. पानं आणि माती अडकून त्या बुजल्या की पाणी सिलमध्ये शिरतं आणि आतून पत्रा खातं. म्हणजे उघड्या गाडीचा जो भाग सर्वांत जास्त भार पेलतो तोच सडतो. दुसऱ्या पिढीत पुढच्या चासी रेलही आतून गंजतात. इंग्लंडच्या वार्षिक एमओटी तपासणीत सस्पेन्शन किंवा सीटबेल्टच्या जोडापासून ३० सेंटिमीटरच्या आत पत्रा गंजून कमकुवत झाला असेल तर गाडी नापास होते, आणि ते योग्यच आहे. सडलेल्या सिलला बोल्टने आवळलेला ब्रेस काही पेलत नाही, उलट गंज झाकतो. मी ब्रेस आधी लावला, मग सिल कापून नवे जोडण्यासाठी तोच काढावा लागला. झिजलेले रबरी बुश आणि थकलेले शॉकही अशीच थरथर देतात. वीस-पंचवीस वर्षांच्या गाडीत तेही आधी बदलावेत.

माझदानेही १९९३ मध्ये १.८ लिटरचं इंजिन आणलं तेव्हा गाडीखाली ब्रेस वाढवले आणि सीटमागच्या दोन सीटबेल्ट टॉवरना जोडणारी आडवी दांडी दिली. १.६ लिटरची जुनी गाडी असेल तर कंपनीचेच हे भाग जुन्या बाजारात शोधावेत, बहुतेकदा ते स्वस्त पडतात.

खर्चाआधी एक चाचणी करा. गाडी सपाट जागी उभी करून दाराच्या मागच्या कडेची फट वर आणि खाली मोजा. मग पुढचं एक चाक ठरवलेल्या जॅक पॉइंटवर जमिनीपासून जेमतेम उचला, पुन्हा मोजा. वरची आणि खालची फट किती बदलली त्यावरून तुमची गाडी किती पिळते ते कळतं. ब्रेस बसवताना शेवटची आवळणी गाडी चारही चाकांवर असताना, चार खांबांच्या रॅम्पवर करावी. एका जॅकवर लटकलेली गाडी आवळली तर तिचा पीळच आवळला जातो. पोटाखालची उंची थोडी कमी होईल, गतिरोधकावर ते लक्षात ठेवा. इंग्लंडमध्ये असाल तर विमा कंपनीला बदल कळवा. आणि थोडे दिवस चालवून झाल्यावर बोल्ट एकदा तपासून, तीच फट त्याच जागी, तेच चाक उचलून पुन्हा मोजा.