चूक नेमकी कुठे आहे? इंग्रजी वाक्यांबद्दलचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात सरकारी किंवा बँकेच्या नोकरीसाठी धडपडणारी मुलं घरोघरी आहेत. गणिताचा सराव होतो, चालू घडामोडी पाठ होतात आणि गाडी अडते ती इंग्रजीपाशी. स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या सीजीएल परीक्षेच्या पहिल्या टप्प्यात शंभरपैकी २५ प्रश्न इंग्रजीचे असतात. बरोबर उत्तराला दोन गुण मिळतात, चुकलं तर अर्धा गुण जातो. बँकेच्या क्लार्कसाठी आयबीपीएस जी पूर्वपरीक्षा घेते, तीत इंग्रजीचे ३० प्रश्न २० मिनिटांत सोडवायचे असतात. ‘स्पॉट द एरर’, म्हणजे वाक्याच्या कोणत्या भागात चूक आहे ते ओळखा, हा या परीक्षांतला नेहमीचा प्रश्न.

ही मुलं या प्रश्नात मागे पडतात ती बुद्धी कमी म्हणून नव्हे. काही समजुती वर्षानुवर्षं एकाकडून दुसऱ्याकडे जात राहिल्या आहेत आणि त्या तपासायला कुणाला सवड झालेली नाही. त्यातल्या ठळक समजुती इथे एकेक करून पाहू.

गैरसमज १: इंग्रजी चांगलं असलं की चूक ऐकताक्षणी खटकते.

वस्तुस्थिती: कानाला सवयीचं तेच बरोबर वाटतं. ‘व्हेन विल यू रीच टू अंबरनाथ?’ हे वाक्य लोकलमध्ये इतक्यांदा कानावर पडतं की त्यात खटकण्यासारखं काही उरत नाही. पण ‘रीच’ला ‘टू’ लागत नाही. ‘रीच अंबरनाथ’ एवढंच पुरतं. ‘अंबरनाथला’मधला ‘ला’ आपण इंग्रजीत ओढून नेतो, म्हणून तो ‘टू’ येतो. ‘डिस्कस अबाउट’मधला ‘अबाउट’ आणि ‘रिटर्न बॅक’मधला ‘बॅक’ असेच जादा आहेत.

कानापेक्षा रीत भरवशाची. एक वाक्य जवळून पाहू: ‘द लिस्ट ऑफ ट्रेन्स कॅन्सल्ड बिटवीन कल्याण अँड बदलापूर आर ऑन द बोर्ड.’ वाचताना अडत नाही, कारण ‘आर’च्या आधी ‘ट्रेन्स’ आहेत, दोन स्टेशनं आहेत, सगळं अनेकवचनी वातावरण आहे. आता आधी क्रियापद शोधा: ‘आर’. मग त्याला विचारा, फलकावर काय आहे? गाड्या नाहीत, यादी आहे. ‘ऑफ’पासून ‘बदलापूर’पर्यंतचा मजकूर बोटाने झाका. उरतं ‘द लिस्ट आर ऑन द बोर्ड’, आणि चूक उघडी पडते. तिथे ‘इज’ हवं.

हेच मराठीत बोलून पाहा: ‘रद्द झालेल्या गाड्यांची यादी फलकावर आहे.’ इथे ‘आहेत’ असं कुणीही म्हणणार नाही. म्हणजे कर्ता ओळखण्याची जाण आपल्याकडे आधीपासून असते, ती फक्त इंग्रजी वाक्यावर चालवायची असते. ‘अलाँग विथ’, ‘टुगेदर विथ’, ‘ॲज वेल ॲज’ या शब्दांनी जोडलेला मजकूरही असाच झाकावा, त्याने कर्त्याचं वचन बदलत नाही. ‘आयदर-ऑर’ आणि ‘नायदर-नॉर’ यांची गोष्ट वेगळी. तिथे क्रियापद जवळच्या कर्त्याप्रमाणे चालतं.

गैरसमज २: प्रश्न विचारलाय म्हणजे वाक्यात चूक असणारच.

वस्तुस्थिती: ‘नो एरर’ हा पर्याय शोभेसाठी दिलेला नसतो. ‘टेन किलोमीटर्स इज अ लाँग वॉक’ हे वाक्य बरोबर आहे, कारण अंतर, रक्कम आणि काळ यांचा एकत्र विचार केला की इंग्रजी त्यांना एकवचन देतं. ‘इट इज हाय टाइम वी लेफ्ट’ हेही बरोबर. अर्थ ‘आता निघायला हवं’ असा असला, तरी या रचनेत भूतकाळी रूपच येतं. ‘हॅड ही कम अर्लियर, ही वुड हॅव कॉट द ट्रेन’ यात ‘इफ’ गाळून ‘हॅड’ पुढे आणलं आहे, तेही नियमाला धरूनच.

चूक सापडलीच पाहिजे या हट्टाने बरोबर शब्दावर बोट ठेवलं की दोन गुण मिळत नाहीत आणि वर अर्धा जातो. चुकीचं कारण एका वाक्यात सांगता येत नसेल, तर ‘नो एरर’चा गांभीर्याने विचार करावा.

गैरसमज ३: ‘वन’ आलं की पुढचं सगळं एकवचनी, ‘एव्हरीबडी’ आलं की सगळं अनेकवचनी.

वस्तुस्थिती: ‘वन ऑफ माय फ्रेंड लिव्ह्ज इन बदलापूर’ हे वाक्य चूक आहे. ‘माझ्या मित्रांपैकी एक’ म्हणताना आपण ‘मित्रांपैकी’ असं अनेकवचन वापरतोच, इंग्रजीतही ‘फ्रेंड्स’ हवं. क्रियापद मात्र ‘वन’प्रमाणे, म्हणजे ‘लिव्ह्ज’. पुढे ‘हू’ आलं की गणित बदलतं. ‘ही इज वन ऑफ द बॉइज हू हॅव पास्ड’ यात ‘हू’ मुलांकडे बोट दाखवतो, म्हणून ‘हॅव’. परीक्षेत हा बारकावा वारंवार येतो.

‘एव्हरीबडी’बद्दल बोलायचं तर ‘प्रत्येक जण आला’ हे मराठीतही एकवचनच आहे. ‘एव्हरी’ आणि ‘ईच’ यांचाही हाच न्याय.

गैरसमज ४: ए, ई, आय, ओ, यू या अक्षरांआधी ‘ॲन’, बाकी सगळीकडे ‘अ’.

वस्तुस्थिती: आर्टिकल अक्षरावर ठरत नाही, उच्चारावर ठरतं. मराठी मुलांच्या हाती यासाठी फार चांगलं साधन आहे, ते म्हणजे देवनागरी. शब्द जसा बोलला जातो तसा देवनागरीत लिहा आणि पहिलं अक्षर पाहा. ‘युनिव्हर्सिटी’ ‘य’ने सुरू होते. य हे व्यंजन, म्हणून ‘अ युनिव्हर्सिटी’. ‘अवर’ ‘अ’ने सुरू होतो. तो स्वर, म्हणून ‘ॲन अवर’, मग इंग्रजी स्पेलिंगमध्ये पुढे एच का असेना. ‘वन-रुपी कॉइन’ ‘व’ने सुरू होतं, म्हणून ‘अ वन-रुपी कॉइन’.

आद्याक्षरांनाही हीच कसोटी लावा. ‘यूपीएससी’ ‘य’ने सुरू होतं, म्हणून ‘अ यूपीएससी कँडिडेट’. ‘एमपीएससी’ ‘ए’ने, म्हणून ‘ॲन एमपीएससी कँडिडेट’. अंबरनाथ आणि बदलापूरच्या औद्योगिक वसाहतीतला भूखंड ‘ॲन एमआयडीसी प्लॉट’ होतो तो याच कारणाने. शिक्षकांनी ही युक्ती पाचवी-सहावीतच सांगितली, तर मुलांचा पुढचा गोंधळ वाचेल.

गैरसमज ५: एकाहून जास्त वस्तू असल्या की शेवटी ‘एस’ लावायचा.

वस्तुस्थिती: उल्हासनगरचे दोन प्रसिद्ध धंदे हा नियम समजून घ्यायला उपयोगी पडतात. पहिला फर्निचरचा. दुकानात शंभर पलंग आणि दोनशे खुर्च्या असल्या तरी इंग्रजीत ते ‘फर्निचर’च. ‘फर्निचर्स’ लिहिणं चूक, मोजायचं तर ‘पीसेस ऑफ फर्निचर’. मराठीतही आपण ‘सगळं फर्निचर आलं’ असंच म्हणतो, ‘सामान’ आणि ‘माहिती’ हे शब्दही तसेच वापरतो. ‘लगेज’, ‘इन्फर्मेशन’, ‘इक्विपमेंट’, ‘मशिनरी’ हे याच कुळातले. कारखान्यांच्या पाट्यांवर ‘मशिनरीज’ लिहिलेलं दिसतं, ते परीक्षेत लिहू नये.

दुसरा धंदा जीन्सचा. इथे उलटा प्रकार. मराठीत ‘ही जीन्स छान आहे’ असं एकवचन आपण सहज वापरतो, पण इंग्रजीत एकच जीन्स असली तरी ‘दीज जीन्स आर नाइस’. ‘ट्राउझर्स’, ‘सिझर्स’, ‘स्पेक्टॅकल्स’ यांचंही तसंच. पुढे ‘पेअर’ आला की मात्र क्रियापद ‘पेअर’प्रमाणे: ‘धिस पेअर ऑफ जीन्स इज नाइस’. ‘हेअर’ आणि ‘ॲडव्हाइस’ यांबाबतही सावध राहावं. मराठीत केस पांढरे होतात आणि सल्ले दोन-चार मिळतात, पण इंग्रजीत डोक्यावरचे केस एकत्रितपणे ‘हेअर’ आणि ‘ॲडव्हाइस’ला तर अनेकवचनच नाही.

गैरसमज ६: ‘पासून’ म्हटलं की ‘सिन्स’.

वस्तुस्थिती: ‘आय ॲम लिव्हिंग इन अंबरनाथ सिन्स टेन इयर्स’ या एका वाक्यात दोन चुका आहेत. मराठीत ‘२०१५पासून’ आणि ‘दहा वर्षांपासून’ दोन्हीकडे ‘पासून’ चालतं. इंग्रजी मात्र सुरुवातीचा क्षण सांगायला ‘सिन्स’ वापरतं आणि किती काळ लोटला ते सांगायला ‘फॉर’. म्हणून ‘सिन्स २०१५’, पण ‘फॉर टेन इयर्स’. दुसरी चूक काळाची. मराठीत ‘राहतोय’ हे वर्तमानकाळी रूप पुरतं, पण मागे सुरू होऊन आजही चालू असलेल्या गोष्टीसाठी इंग्रजीला ‘हॅव बीन लिव्हिंग’ लागतं. वाक्यात ‘सिन्स’ किंवा ‘फॉर’ दिसला की लगेच क्रियापदाकडे वळावं, चूक अनेकदा तिथेच असते.

गैरसमज ७: वाक्याचा शेवट प्रिपोझिशनने करायचा नाही.

वस्तुस्थिती: हा इंग्रजीचा नियम नाही आणि कधी नव्हताही. सतराव्या शतकात कवी जॉन ड्रायडनने अशा शेवटांवर आक्षेप घेतला आणि पुढे लॅटिनच्या साच्यात इंग्रजी बसवू पाहणाऱ्यांनी तो उचलून धरला. हेन्री फाउलर यांनी १९२६ सालच्या आपल्या कोशात या समजुतीला अंधश्रद्धेच्या रांगेत बसवलं. ‘व्हॉट आर यू लुकिंग फॉर?’ हे सरळ, शुद्ध इंग्रजी आहे.

या समजुतीपायी मुलांचे गुण जातात. ‘आय हॅव नो पेन टू राइट’ हे वाक्य परीक्षेत येतं आणि शेवटी ‘विथ’ नसणं हीच त्यातली चूक असते. माणूस पेनाने लिहितो, म्हणून ‘टू राइट विथ’. खुर्चीवर बसतो, म्हणून ‘अ चेअर टू सिट ऑन’. जो शेवटी प्रिपोझिशन नको असं मनात धरून बसतो, त्याला तिचं नसणं दिसतच नाही.

गैरसमज ८: भारतीय इंग्रजी म्हणजे चुकीचं इंग्रजी.

वस्तुस्थिती: ‘प्रीपोन’ हा भारतात रुळलेला शब्द ऑक्सफर्डच्या कोशाने स्वीकारला आहे. भाषा वापरणारे तिला नवे शब्द देतात आणि त्यात कमीपणा काहीच नाही. पण नवा शब्द घडवणं वेगळं आणि वाक्याची बांधणी मोडणं वेगळं. ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ हे कितीही प्रचलित असलं तरी प्रमाण लेखी इंग्रजीत चूक आहे, कारण ‘असणं’ या अर्थाचं ‘हॅव’, तसंच ‘नो’, ‘बिलाँग’, ‘ओन’ ही स्थिती सांगणारी क्रियापदं ‘आयएनजी’ घेत नाहीत. परीक्षा प्रमाण इंग्रजीची असते, तेव्हा उत्तरही तिथलंच द्यायचं.

गैरसमज ९: मराठी माध्यमातून शिकल्यामुळे या चुका होतात.

वस्तुस्थिती: हा सगळ्यांत नुकसान करणारा गैरसमज आहे, कारण तो मुलांचा धीरच खचवतो. उल्हासनगर वसलं ते फाळणीनंतर, कल्याणच्या लष्करी छावणीत आलेल्या सिंधी निर्वासितांमुळे. आज तिथे सिंधी, मराठी, हिंदी, गुजराती बोलणारी मुलं एकाच वर्गात बसतात. ‘सिन्स टेन इयर्स’ आणि ‘वन ऑफ माय फ्रेंड’ या चुका या सगळ्यांच्या वहीत आढळतात, इंग्रजी माध्यमाच्या मुलांच्याही. आपल्या या भाषांमध्ये ‘अ’ आणि ‘द’सारखी आर्टिकल्स नाहीत आणि विभक्तीचं काम नामानंतर होतं. अडखळण्याच्या जागा सारख्या आहेत त्या यामुळे. शिवाय महाराष्ट्रात मराठी शाळांतही २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवलं जातं.

मराठी तर इथे मदतीलाच येते. ‘तिने आंबा खाल्ला, पोळी खाल्ली, वरण खाल्लं’ ही तीन वाक्यं पाच वर्षांचं मराठी मूल न चुकता बोलतं. क्रियापद इथे कर्त्याला सोडून कर्माच्या लिंगाप्रमाणे बदलतं. वर्तमानकाळातला तृतीयपुरुषी एकवचनाचा ‘एस’ त्यापुढे काहीच अवघड नाही. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर कितीतरी पिढ्या इंग्रजी शिकल्या, त्या मराठीचा हात धरूनच.

गैरसमज १०: रेन अँड मार्टिन पाठ केलं की काम झालं.

वस्तुस्थिती: पुस्तक उत्तमच आहे, घरात असावंच. पण पाठ केलेला नियम वीस मिनिटांच्या घाईत हवा तेव्हा आठवत नाही. तिथे तपासण्याचा ठरलेला क्रम उपयोगी पडतो. आधी क्रियापद शोधा, मग त्याचा खरा कर्ता. दोघांचं वचन जुळतं का ते पाहा. त्यानंतर काळ पाहा आणि वाक्यातल्या ‘येस्टरडे’, ‘सिन्स’, ‘फॉर’ अशा शब्दांशी तो जुळतो का ते तपासा. मग नामं, मग आर्टिकल्स, शेवटी प्रिपोझिशन्स. दर वेळी हाच क्रम, सोप्या वाक्यालाही.

सोबत एक वही ठेवा. प्रत्येक चुकलेलं वाक्य तिच्यात उतरवा आणि शेजारी चुकीचा प्रकार लिहा: कर्ता, काळ, नाम, आर्टिकल की प्रिपोझिशन. काही आठवड्यांत आपल्या चुका दोन-तीन प्रकारांतच गोळा झालेल्या दिसतील आणि मेहनत कुठे घ्यायची ते कळेल. कोचिंगची फी परवडत नसलेल्या मुलालाही हे घरबसल्या जमण्यासारखं आहे. ही सवय परीक्षेपुरती राहत नाही. उद्या कंपनीत ईमेल लिहिताना, बँकेत तक्रार अर्ज करताना, मुलाचा अभ्यास घेताना तीच कामी येते. इंग्रजी ही जन्मजात मिळालेल्यांची मिरास नाही. नीट बघायला शिकलेल्या कुणाचीही ती होते.