लंगोट वाळतो कसा?

मुंबईच्या ट्रॉम्बे, मानखुर्द, चिता कॅम्प या पट्ट्यात जुलै महिन्यात तान्ह्या बाळाचं घर ओळखायला आत डोकवावं लागत नाही. खिडकीच्या गजांवर, जिन्याच्या कठड्यावर, खोलीतल्या पंख्याखाली ताणलेल्या सुतळीवर लंगोट, बाळुती आणि दुपटी टांगलेली असतात. सकाळी वाळत घातलेली, रात्रीही हाताला गार लागणारी. कापडी लंगोट चांगला की वापरून फेकायचा डायपर, हा वाद सहसा बाळाच्या कातडीपासून सुरू होतो आणि पृथ्वीच्या तापमानवाढीपर्यंत जातो. मुंबईत मात्र त्याचा निकाल बहुतेक वेळा ही सुतळीच लावते.

हिशोब सोपा आहे. कापडातलं पाणी किती वेगाने उडून जाईल, हे हवेत आणखी किती बाष्प मावू शकतं यावर ठरतं. ३० अंशांची हवा बाष्पाने पूर्ण भरली की त्या बाष्पाचा दाब सुमारे ४.२ किलोपास्कल होतो. हिवाळ्यातल्या दुपारी आर्द्रता ४० टक्के धरली, तर त्यातले अडीच किलोपास्कल रिकामे असतात. आर्द्रता ८५ टक्क्यांवर गेली की रिकामे उरतात जेमतेम ०.६. तापमान तेच, वारा तेवढाच, दोरीही तीच. पण वाळण्याचा वेग चौथ्या हिश्श्यावर येतो. पावसाळ्यात ऊनही नसतं आणि ट्रॉम्बेला खाडी अगदी लागून. पंखा लावला की थोडा फरक पडतो, कारण ओल्या कापडाला चिकटून बसलेला बाष्पाचा थर तो सारखा हलवत राहतो. खिडकी बंद करून पंखा लावला तर मात्र खोलीतलं बाष्प खोलीतच फिरतं, आणि भिंतीला बुरशी धरते ती वेगळीच.

हे गणित ठाऊक नसताना आपल्या आज्या-पणज्यांनी त्यावर तोडगा काढला होता. जुन्या धोतराचा किंवा नऊवारीचा मऊ झालेला चौकोनी तुकडा घ्यायचा, त्याची त्रिकोणी घडी घालायची, आणखी एक घडी मधे द्यायची आणि कमरेला गाठ मारायची. बाळाच्या अंगावर कापडाचे चार-सहा थर येतात. दोरीवर तोच तुकडा उलगडला की एकच पातळ थर. शोषायला जाड आणि वाळायला पातळ, अशा दोन उलट गरजा एका घडीने भागतात. आजच्या शिवलेल्या कापडी डायपरांपैकी अनेकांना हे जमत नाही. त्यांच्या पॅडमध्ये थर कायमचे शिवलेले असतात. आतल्या थरातलं पाणी बाहेरच्या थरांतून झिरपत आल्याशिवाय उडू शकत नाही, म्हणून वरून कोरडं वाटणारं पॅड दाबलं की ओल लागते.

जुन्या लंगोटाची अडचण दुसरीकडे होती. सुती धाग्यांच्या मधल्या फटींत पाणी केशाकर्षणाने धरलं जातं आणि दाब पडला की सुटतं. बाळ कडेवर घेतलं की ते पाणी घेणाऱ्याच्या साडीवर. त्यावर उपाय म्हणजे अंथरुणात मेणकापड आणि मांडीवर दुपटं. आधुनिक कापडी डायपरने मेणकापडाचंच काम बाळाच्या कमरेवर आणलं: बाहेरून पॉलिस्टरचं कापड, त्याला आतून पॉलियुरेथेनचा पातळ पापुद्रा, मधे सुती थर, आणि कातडीला लागतो तिथे ओल धरून न ठेवणारा पॉलिस्टरचा पृष्ठभाग. मुंबईतल्या पल्लवी उटगी या अशा डायपरांच्या व्यवसायात आल्या त्या आई झाल्यावर. औषध क्षेत्रात काम केलेल्या उटगी यांनी आपल्या बाळासाठी पर्याय शोधता शोधता २०१६ मध्ये सुपरबॉटम्स ही कंपनी सुरू केली. ‘कापडी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या या वस्तूंत बराच भाग प्लॅस्टिकच्या कुळातला असतो, हे मात्र वेष्टनावरच्या कापसाच्या बोंडाकडे बघून लक्षात येत नाही.

फेकायच्या डायपरची करामत त्याच्यातल्या पांढऱ्या भुकटीत आहे. तिचं नाव सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेट. लांबलचक रेणूंच्या साखळ्या जागोजाग एकमेकींना जोडून केलेलं हे जाळं. साखळीवर ऋण भार, भोवती सोडियमचे धन आयन. आत आयनांची एवढी दाटी असल्यामुळे बाहेरचं पाणी परासरणाने आत खेचलं जातं. जाळं फुगतं, पण जोडांमुळे विरघळत नाही. आणि पाणी रेणूंच्या जाळ्यात अडकलेलं असल्यामुळे बाळ वर बसलं तरी फारसं सुटत नाही. सुती लंगोटाला नेमकं हेच जमत नाही. शुद्ध पाण्यात ही भुकटी स्वतःच्या वजनाच्या शेकडो पट पाणी पिते. लघवीत मात्र क्षार असतात, त्यामुळे आतल्या-बाहेरच्या आयनांतला फरक कमी होतो आणि हा आकडा तीस ते पन्नास पटींच्या आसपास येतो. घरी करून बघण्यासारखा प्रयोग आहे: न वापरलेला डायपर फाडून भुकटी काढायची, पाणी घालून फुगवायची आणि वर चिमूटभर मीठ टाकायचं. जेल पाझरायला लागतं.

या जेलच्या इतिहासात एक गमतीशीर योगायोग आहे. पॅम्पर्स या फेकायच्या डायपरची पहिली बाजारचाचणी १९६१ मध्ये अमेरिकेतल्या पिओरिया या गावात झाली, तेव्हा आत होता नुसता कागदाचा लगदा. त्याच गावात अमेरिकी कृषी खात्याची प्रयोगशाळा होती. मक्याच्या स्टार्चपासून अफाट पाणी पिणारा पदार्थ तिथे पुढे, १९७० च्या दशकात तयार झाला. टोपणनाव ‘सुपर स्लर्पर’. डायपरमध्ये अखेर स्थिरावलं ते संपूर्ण कृत्रिम पॉलिअ‍ॅक्रिलेट. पाणी धरणाऱ्या जाळ्यांशी ट्रॉम्बेचंही नातं आहे. इथल्या भाभा अणुसंशोधन केंद्राने पॉलिव्हिनाइल अल्कोहोलच्या साखळ्या किरणोत्साराने जोडून हायड्रोजेलच्या पट्ट्या तयार केल्या, त्या भाजलेल्या जखमांवर लावतात. जेल वेगळं, काम वेगळं. पण पाण्याला रेणूंच्या जाळ्यात कोंडण्याची युक्ती एकच.

आता कातडीकडे वळू. लंगोटातल्या लालीचं खापर बरीच वर्षं अमोनियावर फुटत होतं. अमेरिकी डॉक्टर कुक यांनी १९२१ मध्ये मांडलं की जिवाणू लघवीतल्या युरियाचा अमोनिया करतात आणि त्याने कातडी जळते. सकाळच्या लंगोटाचा नाकाला झोंबणारा वास घेतलेल्या कोणालाही हे पटावं. पण १९७७ मधल्या एका अभ्यासात पुरळ असलेल्या आणि नसलेल्या बाळांत अमोनिया तयार करणाऱ्या जिवाणूंचा काही फरक दिसला नाही, आणि शाबूत कातडीला अमोनियाने फारसं काही झालंही नाही. १९८० च्या दशकात खरी साखळी उलगडली. शी आणि शू एकत्र आली की शीतल्या जिवाणूंचं युरिएज हे विकर युरिया फोडतं. अमोनियामुळे सामू वाढतो. आणि सामू वाढला की शीतली प्रथिनं आणि मेद पचवणारी विकरं जोर धरतात. कातडीवर हल्ला करतात ती हीच. ओलीने फुगलेली कातडी घर्षणाला आधीच कमकुवत झालेली असते, आणि तिथे पुढे कँडिडा ही बुरशीही घर करते. अंगावर पिणाऱ्या बाळांच्या शीत या विकरांचा जोर कमी असतो.

या संशोधनातला महत्त्वाचा भाग डायपर बनवणाऱ्या कंपनीच्याच शास्त्रज्ञांनी केला होता, हे वाचकाने लक्षात ठेवावं. रसायनशास्त्र त्यामुळे खोटं ठरत नाही. पण ‘म्हणून अमुक डायपरच घ्या’ हा पुढचा निष्कर्ष तितका भक्कम नाही. वैद्यकीय पुराव्यांचे आढावे घेणाऱ्या कोक्रेन या संस्थेने २००६ मध्ये उपलब्ध चाचण्या तपासल्या आणि पुरळ टाळायला डिस्पोजेबल, म्हणजे फेकायचे डायपर, सरस आहेत असं म्हणायला, किंवा नाहीत असं म्हणायलाही, दर्जेदार पुरावा अपुरा असल्याचं सांगितलं. व्यवहारात उरतं ते एवढंच: शी झाली की लगेच बदला, ओला लंगोट अंगावर ठेवू नका, दिवसातून काही वेळ बाळाला उघडं राहू द्या. शेवटचं औषध फुकट आहे आणि मुंबईच्या उकाड्यात बाळाला आवडतंही.

धुण्याची गोष्ट मात्र फुकट नाही. पहिल्या महिन्यांत दिवसाला दहा-बारा लंगोट लागतात. मुंबई महापालिकेचा पाणीपुरवठ्याचा जुना निकष इमारतींसाठी माणशी १३५ लिटर होता, झोपडपट्ट्यांसाठी ४५. त्या ४५ लिटरांत स्वयंपाक, आंघोळ, भांडी आणि बाळुतीही. अनेक वस्त्यांना तेवढंही नळाने मिळत नव्हतं. वस्त्यांच्या पाण्यासाठी लढणाऱ्या पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये, २००० नंतरच्या झोपड्यांनाही पाणी द्यावं लागेल, असं सांगितलं. टँकरचं पाणी विकत घेणाऱ्या घरात कोणी कापडी लंगोटाचं पर्यावरणीय महत्त्व समजावू लागलं, तर ऐकणारी बाई हातातला पिळा खाली न ठेवता हसेल. आणि ती बाईच असते. वडिलांनी लंगोट धुतल्याचं कौतुक अजून होतं, यातच सगळं आलं.

धुण्यातही रसायनशास्त्र आहे. शी आधी थंड पाण्याने काढायची. गरम पाण्याने त्यातली प्रथिनं घट्ट होऊन डाग पक्का होतो. बादलीत दिवसभर भिजवत ठेवलं की जिवाणूंना मुबलक वेळ मिळतो, आणि रांगतं मूल असलेल्या घरात भरलेली बादली हा स्वतंत्र धोका आहे. लघवीने भिजलेल्या कपड्यांवर थेट ब्लीच ओतू नये, अमोनियाशी संयोग होऊन क्लोरामाइन हा विषारी वायू सुटतो. फॅब्रिक सॉफ्टनरही नको. तो धाग्यांवर तेलकट थर बसवतो आणि लंगोट पाणी प्यायचा थांबतो.

पिवळा डाग साबणाला दाद देत नाही, पण उन्हात फिकट होतो, हा घरोघरचा अनुभव. तान्ह्या बाळाच्या शीतला पिवळेपणा बराचसा बिलिरुबिनचा असतो, आणि बिलिरुबिन प्रकाशात मोडतं. नवजात बाळांची कावीळ निळ्या दिव्याखाली बरी करतात ती या रेणूच्या प्रकाशभित्रेपणामुळेच. इंग्लंडमधल्या रॉचफर्डच्या रुग्णालयात सिस्टर वॉर्ड यांना १९५० च्या दशकात दिसलं की उन्हात फिरवून आणलेल्या बाळाची उघडी कातडी कमी पिवळी आहे. तिथेच खिडकीत उन्हात राहिलेल्या रक्ताच्या नमुन्यातलं बिलिरुबिनही घटलेलं निघालं. १९५८ मध्ये त्यावर शोधनिबंध आला. पावसाळ्यात ऊन मिळत नाही, तेव्हा इस्त्री फिरवायची. डाग जात नाही, पण उरलीसुरली ओल जाते आणि बरेचसे जंतूही मरतात.

ट्रॉम्बेत या वादाची दुसरी बाजूही डोळ्यांना दिसते. देवनारची कचराभूमी इथून हाकेच्या अंतरावर. शहर १९२७ पासून तिथे कचरा टाकत आलं. जानेवारी २०१६ मधल्या आगीचा धूर नासाच्या उपग्रहांनीही टिपला. शहराचा बहुतांश कचरा आता कांजूरच्या कचराभूमीत जातो, पण हा जुना ढिगारा हलवण्याची निविदा २०२५ मध्ये निघाली तेव्हा त्याचं वजन सुमारे १८५ लाख टन धरलं होतं. एका बाळाचे वापरलेले डायपर सहज चार हजारांवर जातात. त्यातला लगदा कालांतराने कुजतो, पॉलिप्रॉपिलीन, पॉलिथिलीन आणि जेल मात्र लवकर हलत नाहीत. २०१६ च्या घनकचरा नियमांनी वापरलेला डायपर कंपनीने दिलेल्या पिशवीत किंवा योग्य वेष्टनात नीट गुंडाळून टाकायला सांगितलं, आणि अशी पिशवी पाकिटासोबत देणं कंपन्यांवर बंधनकारक केलं. पुण्यातल्या ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने पुडीवर लाल ठिपका काढण्याची मोहीम चालवली. कारण उघड होतं: पुडी उघडून आत काय आहे ते बघण्याची वेळ ज्यांच्यावर येते, त्यांच्या हातात अनेकदा मोजेही नसतात.

मग जगाच्या तापमानाचा हिशोब? ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने २००८ मध्ये तो मांडला. अडीच वर्षांच्या वापरात डिस्पोजेबलमागे ५५० किलो कार्बन डायऑक्साइडइतकं उत्सर्जन, कापडीमागे ५७०. कापडवाल्यांची निराशा करणारा आकडा, पण त्यात खोच होती. कापडीचं उत्सर्जन बहुतांशी धुण्या-वाळवण्याचं होतं. प्रत्येक वेळी ड्रायर लावला तर ते आणखी चाळीसेक टक्क्यांनी वाढतं. मशीन पूर्ण भरून धुतलं, दोरीवर वाळवलं आणि तेच लंगोट दुसऱ्या बाळाला वापरले तर तेवढंच घटतं. तिथल्या सरकारच्या २०२३ च्या नव्या अभ्यासात कापडी सुमारे २५ टक्क्यांनी सरस ठरले. ट्रॉम्बेत थंड पाण्यात हाताने धुतलेल्या लंगोटाला हे आकडे जसेच्या तसे लागू होणार नाहीत, तो त्याहून हलकाच असेल. ड्रायर लावणाऱ्याने मात्र शेजारच्या टाटा पॉवरच्या चिमणीकडे बघावं. तिथे कोळसा जळतो.

म्हणून अनेक घरांत सध्या मधला मार्ग दिसतो. दिवसा कापडी, रात्री आणि प्रवासात डिस्पोजेबल. ऑक्टोबर ते मे कापडीचं प्रमाण जास्त, पावसाळ्यात कमी. तत्त्वनिष्ठांना ही तडजोड वाटेल, पण बाष्पाच्या गणितात ती चपखल बसते. दुसऱ्या बाळाचा मुद्दा तर मराठी घरांना नवा नाहीच. बारशापर्यंत नवं कापड घालायचं नाही, नात्यातल्या धडधाकट मुलाचं वापरलेलं झबलं नि लंगोट मागून आणायचे, ही रीत अजून अनेक ठिकाणी पाळतात. शोषणाच्या दृष्टीनेही ती बरी. नव्या सुती धाग्यावर नैसर्गिक मेणाचा अंश राहिलेला असू शकतो. तो जाईपर्यंत कापड पाणी पुरतं पीत नाही. दुकानातून नवे कापडी डायपर आणले असतील, तर बाळाला घालण्याआधी ते चार-पाच वेळा धुऊन घ्यावेत.