घराला फरशी कोणती घालावी?

घर पाहावे बांधून, असे जुने लोक म्हणत. त्या बांधण्यात फरशीची पाळी शेवटी येते. तोपर्यंत गाठचा पैसा संपत आलेला असतो आणि प्रवेशाची घाई झालेली असते. मग दुकानात जी लादी अधिक चमकते ती घेऊन माणूस मोकळा होतो. भिंतीचा रंग पुढे बदलता येतो. फरशी उखडणे मात्र सोपे नाही. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने बेळगाव व आसपासच्या सभासद-कुटुंबांपुढे या घरगुती विषयावर चार शब्द ठेवावेत असे आम्हांस वाटले.

आपल्या घरांत जेवणाची पंगत, मुलांचा अभ्यास, बाळाचे रांगणे, पूजा किंवा नमाज हे सारे जमिनीवरच चालते. मोरीतून आलेले, वुजू करून आलेले, पावसातून आलेले ओले पाय त्याच जमिनीवर पडतात. वृद्ध माणसाच्या खुब्याचे हाड एकदा मोडले, की कित्येकदा ते माणूस पुन्हा पूर्वीसारखे चालत नाही. तेव्हा नमुन्याची एक लादी घरी आणावी, तीवर पाणी शिंपडावे आणि ओल्या तळपायाने दाबून पाहावे. पाय सरकला तर ती लादी कितीही सुंदर असो, मोरी, न्हाणीघर व पायऱ्या यांच्या उपयोगाची नाही.

आता प्रकार पाहू. शहाबादी फरशी आपल्या ओळखीची. ती कलबुर्गी जिल्ह्यातील शहाबादच्या परिसरातली. १९५६ पूर्वी हा भाग हैदराबाद राज्यात होता. हा चुनखडीचा दगड थराथराने निघतो, म्हणून त्याच्या फरश्या पाडणे सोपे जाते. खडबडीत ठेवलेली शहाबादी अंगण, पडवी व मोरी यांस उत्तम. राजस्थानातील कोटा हाही चुनखडीचाच दगड, रंगाने हिरवट-निळसर. घोटून घेतला तर बैठकीच्या खोलीस शोभतो. परंतु चुनखडी व संगमरवर यांस आम्ल सोसत नाही. लिंबू, चिंच किंवा न्हाणीघर धुण्याचे तेजाब सांडले, तर त्यांची झिलई जाऊन डाग पडतो. ग्रॅनाइटला लिंबाची भीती नाही, म्हणून स्वयंपाकाच्या ओट्यास तो बरा.

व्हिट्रिफाइड लादी माती, वाळू व फेल्डस्पार यांची भुकटी दाबून सुमारे १२०० अंश सेल्सियस उष्णतेत भाजतात. ती फारच थोडे पाणी शोषते, त्यामुळे डाग सहसा धरत नाही. पण तिचा चकचकीत प्रकार ओला झाला की निसरडा होतो. कारखानदार पुष्कळदा घसरणीचा दर्जा आर ९ ते आर १३ असा देतात. आकडा जितका मोठा तितकी पकड अधिक. न्हाणीघरासाठी आर १० किंवा आर ११ मागून घ्यावी.

पावसाळ्यात फरशी ओली दिसली की आपण गवंड्यास दोष देतो. कारणे मात्र दोन असतात. दमट हवा थंड फरशीला लागली म्हणजे गार पाण्याच्या तांब्यावर जमतात तसे थेंब जमतात. किंवा जमिनीतली ओल खालून वर चढते. हे ओळखण्यासाठी फरशी पुसून तीवर हातभर प्लास्टिकचा कागद चारी कडांनी चिकटवून एक दिवस-रात्र ठेवावा. थेंब कागदाच्या वर आले तर ते हवेतले. खाली आले तर ओल जमिनीतली. जमिनीतली ओल महाग लादी घातल्याने जात नाही. तिचा बंदोबस्त जोते बांधताना व भराव घालतानाच करावा लागतो.

भरावाची गोष्ट फार महत्त्वाची आहे. मुरूम थराथराने टाकून, पाणी मारून, धुमसाने चोपला नाही, तर तो पुढे बसतो आणि उत्तम फरशीही तडकते. लादी बसल्यावर काठीने हलके ठोकून ऐकावे. पोकळ आवाज आला तर खाली माल नीट भरलेला नाही, ती त्याच दिवशी काढून पुन्हा बसवून घ्यावी. न्हाणीघरात दर मीटरास एक ते दोन सेंटीमीटर उतार मोरीकडे आहे की नाही, हे गवंड्याची मजुरी चुकती करण्यापूर्वी पाणी ओतून पाहावे.

हिशेब सोपा आहे. खोली १० फूट बाय १२ फूट म्हणजे १२० चौरस फूट. २ फूट चौरस लादी ४ चौरस फूट जागा व्यापते, म्हणजे लाद्या ३०. कापाकापी व मोडतोड यांसाठी दहावा हिस्सा धरून ३३ घ्याव्यात. उरलेल्या दोन-तीन जपून ठेवाव्यात, कारण काही वर्षांनी तोच रंग बाजारात मिळेलच असे नाही.

पैसा बेताचाच असेल तर आमची सूचना अशी: आधी भराव, मग मोरी, न्हाणीघर व पायऱ्या, आणि राहील त्यातून बैठकीची खोली. पाहुणा घडीभर बसून फरशीची वाखाणणी करून जातो. घरातली आजी मात्र रात्री अंधारात उठून त्याच फरशीवरून न्हाणीघराकडे जाते. खर्चाचा क्रम तिच्या पायांकडे पाहून लावावा.