मनगटावरील घड्याळ आणि खिशातील बॅटरी

सायंकाळची गिऱ्हाइकी ऐन भरात असावी, समोरच्या गिऱ्हाइकाने यूपीआयने रक्कम पाठविल्याचे सांगावे, आणि खात्रीसाठी खिशातून काढलेला फोन बंद पडलेला असावा, हा अनुभव आमच्या व्यापारी बंधूंस नवा नाही. पैसे बँकेत जमा होण्यास आपला फोन चालू असावा लागत नाही हे खरे. पण ते जमा झाले हे कळावयास मार्ग राहत नाही, आणि ओळखीच्या माणसाकडेही संशयाने पाहण्याची पाळी येते. आमच्या पेढीवर हा प्रसंग दोन-तीनदा ओढवला, तेव्हा सर्वांनी दोष दिला तो नव्याने घेतलेल्या स्मार्टवॉचला. या आरोपात तथ्य किती, याचा हिशेब येथे मांडीत आहोत.

फोन व घड्याळ यांची जोडणी ब्लूटूथ या बिनतारी पद्धतीने होते. (दहाव्या शतकातील एका डॅनिश राजाच्या टोपणनावावरून हे नाव आले, पण ती कथा निराळी.) २०१० साली या पद्धतीच्या ४.० आवृत्तीत अत्यल्प विजेवर चालणारा एक प्रकार आला, आणि आजची घड्याळे बहुतांशी त्याच्याच आधारे जोडलेली राहतात. यातील युक्ती अशी की, दोन्ही यंत्रे अखंड बोलत बसत नाहीत. ठराविक अंतराने क्षणभर जागी होतात, सांगण्यासारखे असेल ते सांगतात आणि पुन्हा झोपी जातात. हे अंतर ७.५ मिलिसेकंदांपासून ४ सेकंदांपर्यंत ठेवता येते.

समजा, एवढ्यासाठी फोनला सरासरी १ मिलिअँपिअर प्रवाह खर्चावा लागला. २४ तासांत २४ मिलिअँपिअर-तास झाले. ५,००० मिलिअँपिअर-तासांच्या बॅटरीत हे अर्धा टक्काही भरत नाही. उलट फोनचा पडदा उजळला म्हणजे १ वॉटच्या आसपास वीज घेतो. त्या हिशेबाने तेवढाच साठा पाच-सहा मिनिटांत संपतो. मनगटावरच निरोप वाचून दिवसातून साठ वेळा वीस-वीस सेकंद पडदा उजळणे टळले, तर घड्याळ आपला खर्च भरून काढून वर शिल्लक टाकील.

मग वीज जाते कोठे? नुसत्या जोडणीत नव्हे, तर तिच्यावरून चालणाऱ्या कामांत. घड्याळावर बोलण्याची सोय असेल, तर आवाज सतत वाहत राहतो व यंत्रांस झोप मिळत नाही. नाडीचे ठोके क्षणोक्षणी फोनकडे पाठविण्याची योजना असेल, तर फोनही वारंवार जागा होतो. सर्वांत महाग काम स्थाननिश्चितीचे. २०१५ साली आलेल्या पहिल्या ॲपल वॉचमध्ये स्वतःचे जीपीएस नव्हते, ते २०१६ च्या दुसऱ्या मालिकेत आले. मात्र आजही पुष्कळ स्वस्त घड्याळे सकाळच्या फेरीचे अंतर फोनच्या जीपीएसवरच मोजतात. अशा वेळी तासभर फोन राबतो, आणि श्रेय मात्र घड्याळाला मिळते!

आम्ही फोनच्या सेटिंगमध्ये बॅटरीचा तपशील पाहिला. घड्याळाचे ॲप यादीत बरेच खाली निघाले. एक दिवस घड्याळ जोडून, दुसऱ्या दिवशी तोडून, कामकाज तेवढेच ठेवून ताडून पाहिले. फरक नाममात्र होता. खरा दोष फोनच्या वयात होता. लिथियम-आयन बॅटरीची धारणशक्ती वापरागणिक घटते. सुमारे ५०० पूर्ण भरण्यांनंतर ती ८० टक्क्यांवर येणे हे अनेक फोनांच्या बाबतीत गृहीतच धरलेले असते. आमचा फोन तीन वर्षे रोज भरला जात होता.

बॅटरी बदलून घेतली. गटांवरील शुभप्रभातांचे निरोप घड्याळावर येणे बंद केले, स्थानाची परवानगी वापरापुरतीच ठेवली. आता रात्री दुकान वाढविताना फोनमध्ये वीज शिल्लक असते, आणि घड्याळ मनगटावर कायम आहे.