शेवटचा अंतरा ऐकून मग उठा

जयंतीच्या मिरवणुकीत हल्ली आपल्या गीतांचे फक्त धृपद ऐकू येते. धृपद, दणदणाट, पुन्हा धृपद, की लगेच दुसरे गाणे. तरुण मुले नाचतात, त्यांच्या आनंदाला आमची हरकत नाही. परंतु ज्या गाण्यावर आपण नाचतो ते गाणे पुढे काय म्हणते, हे त्यातल्या किती जणांना ठाऊक आहे?

आपल्या गायन पार्टीच्या गाण्याची बांधणी समजून घेतली पाहिजे. पेटी, ढोलकी, बुलबुल आणि पाठीमागे कोरस. धृपदात विषय मांडायचा. पहिल्या अंतऱ्यात गावकुसाबाहेरचे जुने जिणे, दुसऱ्यात बाबासाहेबांचे कार्य, आणि तिसऱ्या-चौथ्या अंतऱ्यात कवी वळतो तो थेट समोर बसलेल्या माणसाकडे: तू काय केलेस? सगळीच गाणी या साच्यातली नसतात, पण पुष्कळशी असतात. शेवटी कवीचे नाव येते. म्हणजे शेवट कापला की प्रश्नही गेला आणि कवीही गेला. आम्ही हिशेबाच्या कारकुनीत दिवस घालविणारी माणसे. बेरजेची ओळ फाडलेली कीर्द कोणी मान्य करीत नाही, मग गाणे कसे चालते?

महाकवी वामनदादा कर्डक यांचेच उदाहरण घ्या. सिन्नर तालुक्यातील देशवंडी येथे १५ ऑगस्ट १९२२ रोजी त्यांचा जन्म झाला. लहानपणी शाळा नाही. शिवडीच्या बी. डी. डी. चाळीत राहात असताना कोणी पत्र वाचून मागितले आणि ते वाचता येईना, याची लाज त्यांच्या मनाला लागली. मग देहलवी मास्तरांकडून बाराखडी गिरविली आणि दुकानांच्या पाट्या वाचीत वाचीत अक्षर पक्के केले. १९४३ साली पहिले गीत लिहिले. त्यानंतर २००४ च्या मे महिन्यात नाशिकला देह ठेवीपर्यंत हा माणूस गावोगाव फिरून लिहीत आणि गात राहिला. 'वाटचाल', 'मोहळ' हे संग्रह निघाले. तरी बरीचशी गाणी कागदापेक्षा लोकांच्या तोंडीच जास्त राहिली. १९५७ साली स्थापन झालेल्या रिपब्लिकन पक्षात पुढे जी फाटाफूट झाली, तिच्यावर वामनदादांनी कठोर गाणी रचली. ती पूर्ण वाजविली तर व्यासपीठावरील काही खुर्च्यांना जड जाईल. धृपदावरच थांबणे कोणाच्या सोयीचे आहे, ते वाचकांनीच ओळखावे.

गाणे अर्धवट राहण्यास केवळ डी.जे. जबाबदार नाही. कार्यक्रम रंगात आला, गायक तिसऱ्या अंतऱ्यावर आला की निवेदक माईक ओढून घेतो : "अमुक यांच्याकडून एकशे एक रुपये!" बक्षीस जरूर द्यावे, कलावंताचे घर त्यावर चालते. पण पुकारा गाणे संपल्यावर केला तर रुपये कमी होतात काय? एका कार्यक्रमात तर पुढारी आले म्हणून गाणे थांबविले, हार झाले, भाषण झाले. पार्टीला ते गाणे पुन्हा उचलताच आले नाही.

शाहीर विठ्ठल उमप यांच्यासारखा आवाज ज्यांनी समोर बसून ऐकला, त्यांना अर्धवट गाण्याची चुटपुट काय ते कळेल. 'जांभूळ आख्यान' रंगविणाऱ्या या शाहिराने २६ नोव्हेंबर २०१० रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर, कार्यक्रमाच्या मंचावरच शेवटचा श्वास घेतला. प्रल्हाद शिंदे यांनी विठ्ठलाची गाणी घरोघर पोहोचविली आणि त्याच गळ्याने भीमगीतेही गायिली. तेही २००४ सालीच गेले. आणि विलास घोगरे! आनंद पटवर्धन यांच्या १९८५ च्या 'हमारा शहर' या चित्रपटात झोपडीवासीयांचे दुःख त्यांनी गाऊन ठेवले आहे. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जण मारले गेले. चारच दिवसांनी या संवेदनशील शाहिराने आपले जीवन संपविले. त्यांची गाणी मिरवणुकीत सहसा वाजत नाहीत.

मोबाईलला मात्र सरसकट दोष देऊन चालणार नाही. संभाजीनगरच्या कडूबाई खरात एकतारीवर भीमगीते गातात, त्या महाराष्ट्राला माहीत झाल्या त्या मोबाईलमुळेच. एक बाई, एक तार. मध्ये पुकारा नाही, दणदणाट नाही. माणसे ऐकतात. म्हणजे ऐकण्याची भूक मेलेली नाही.

मंडळांच्या कार्यकर्त्यांना आमची सूचना अशी : मिरवणुकीत काय वाजवायचे ते वाजवा, पण जयंती सप्ताहातील एक रात्र फक्त ऐकण्यासाठी ठेवा. गायकाबरोबर कवीचेही नाव पुकारा. सत्कार आधी उरकून घ्या.

आणि पेट्या उघडा. आमच्या वस्तीत एका जुन्या गायन पार्टीच्या हस्तलिखित वह्या निघाल्या आहेत. तीन विद्यार्थी दर रविवारी विहारात बसून त्या उतरवून घेतात. एका गाण्याचा शेवटचा अंतरा वाळवीने खाल्ला होता. तो शेजारच्या आजींना तोंडपाठ निघाला. त्यांनी तो चालीसकट म्हणून दाखविला आणि मुलांनी दोनदा म्हणायला लावून लिहून घेतला.